नदीचे झिंगे

बरणीत लोक लोणचं घालतात. मी चिखल घातला, आणि वर सासरच्या माणसांना सांगितलं की याला शिक्षण म्हणतात.

अकोल्याच्या जुन्या शहराच्या टोकाला, मोर्णेच्या काठाजवळ आमचं घर होतं आणि घरामागे भाजीची वाडी. सासरे मी लग्न होऊन येण्याआधीच गेलेले. वाडी सासूबाई चालवायच्या. वांगी, मेथी, कोथिंबीर आणि कडेने झेंडू. पहाटे तोडायचं, टोपलीत भरायचं आणि बाजारात नेऊन पोत्यावर बसायचं. नवरा मूर्तिजापूरच्या स्टेशनात मालकारकून. तो रविवारी यायचा, जेवायचा, झोपायचा आणि परत जायचा. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. आठवड्यातून एक दिवस कोणीही सहन होतो.

मी तिवशाकडच्या शेतकरी घरातली. अमरावतीला मास्तरणींच्या ट्रेनिंग स्कुलात दोन वर्षं काढून मी तीन गोष्टी घेऊन आले: एक सर्टिफिकेट, एक काळी छत्री आणि 'मला'. जन्मल्यापासून मी 'मले' म्हणत होते. त्या दोन वर्षांत 'मला' म्हणायला शिकले, आणि 'मले' म्हणणाऱ्यांकडे भुवई उंचावून पाहायलाही शिकले. दुसरी गोष्ट शिकायला मला फार वेळ लागला नाही.

मुलींच्या शाळेत मी हंगामी होते. तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला. हुकूम नागपुराहून निघायचा आणि वाटेत चार कचेऱ्यांत मुक्काम करत अकोल्याला पोचायचा. हंगामी म्हणजे असा हुकूम येईल त्या दिवशी घरी बसवता येईल अशी. आणि माझ्या बाबतीत घरी बसणं म्हणजे बाजारात बसणं, सासूबाईंच्या शेजारी पोत्यावर, वांग्यांवर पाणी शिंपडत. मला ते नको होतं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा नको होतं म्हणजे नकोच होतं. मला कायम व्हायचं होतं.

आमच्या मोठ्या बाई पुण्याच्या. वऱ्हाडी बोलणं कानावर आलं की त्या कपाळाला हात लावायच्या. "तुमच्या इकडे साधी वेळ विचारली तरी भांडण काढल्यासारखं वाटतं," असं त्या म्हणत, आणि मी त्यांच्याबरोबर हसायची. दसऱ्यानंतर त्यांनी आम्हा हंगामी बायांना बोलावून सांगितलं की संक्रांतीनंतर तपासणीच्या मडम येणार, प्रत्येकीने एक वस्तुपाठ घ्यायचा, आणि तो पाहून कोणाला कायम करायचं ते ठरणार. वस्तुपाठ म्हणजे मुलींपुढे एखादी वस्तू ठेवून तिच्यावर शिकवायचं. एकीने कंदील घेतला. दोघींनी कापसाचं बोंड घेतलं. वऱ्हाडात फिरून फिरून मडमने बोंडावरचे इतके पाठ ऐकले असतील की बोंड दिसताच तिला जांभई येत असेल, असा माझा हिशेब होता. मी ठरवलं, आपण जिवंत वस्तू ठेवायची.

अमरावतीला आमच्या शास्त्राच्या बाईंनी खिडकीत एक काचेचं भांडं ठेवलं होतं. त्यात पाणगवत, गोगलगायी आणि इवलेसे झिंगे. वर्षभर त्याचं पाणी कोणी बदललं नाही, त्यात कोणी दाणा टाकला नाही, आणि तरी सगळं जिवंत होतं. गोगलगायीची घाण गवताला, गवताचा श्वास झिंग्यांना, सडलेलं पान गोगलगायीला. बाईंनी नियम लिहून दिले होते: तळाला माती, वर रेती, मासा ठेवू नये, खायला घालू नये, पाणी बदलू नये, हात लावू नये. शेवटच्या ओळींखाली मी दोनदोन रेघा मारल्या होत्या. रेघा मारण्यात तेव्हा माझा हात कोणी धरला नसता.

बरणी नवऱ्याने आणली. मूर्तिजापूरच्या स्टेशनावरच्या चहावाल्याकडे लिमलेटच्या गोळ्यांची मोठी रुंद तोंडाची बरणी होती. तिचं झाकण फुटलं, तेव्हा ती आमच्या वाट्याला आली. मी वाडीतली काळी माती तळाला घातली, नदीची रेती वर घातली आणि बादलीने पाणी ओतलं. आठ दिवस बरणीत चहा होता. रोज सकाळी मी वाकून बघायची आणि रोज चहाच दिसायचा.

सासूबाई टोपली डोक्यावर घेता घेता म्हणाल्या, "धबाधबा कावून वततं? बियाच्या वाफ्यात आमी पानी देतो थे काय बादलीनं देतो? रेतीवर एक केयीचं पान ठेव, अन त्या पानावर हळू वत."

"आत्याबाई, हे शास्त्राचं आहे," मी म्हटलं. "वाफ्याचं नाही."

त्या बाजाराला गेल्यावर मी केळीचं पान आणलं. पाणी एका तासात आरशासारखं झालं. दुसऱ्या दिवशी शाळेत मी बायांना ही युक्ती समजावून सांगितली, आणि ती कुठून आली हे सांगायचं राहून गेलं.

पाणगवत आणि गोगलगायी मी नदीकाठून वेचून आणल्या, आणि झिंगे नदीवर मासे धरणाऱ्या भोयाच्या बाईकडून घेतले. ती पायलीने विकायची. मी बारा मागितले, आणि तेही जिवंत, तेही निवडून, बारीक. तिने आधी माझ्याकडे, मग माझ्या छत्रीकडे पाहिलं आणि बारा मोजून दिले. घरी सासूबाईंनी लोट्यात डोकावून विचारलं, "बारा झिंग्यात कोनाचं पोट भरते?"

"खायचे नाहीत. बघायचे आहेत."

"मंग एकच आनायचा व्हता. बाराही सारखेच त हायेत."

तीन महिने ती बरणी माझ्या खोलीच्या खिडकीत होती, आणि खरं सांगायचं तर मी तिच्या प्रेमात पडले. कायम होण्याची गोष्ट विसरून मी कितीदा तरी समोर बसून राहायची. झिंगे काचेसारखे, आतलं सगळं दिसायचं. खाल्लेलं शेवाळ हिरव्या दोऱ्यासारखं पाठीतून सरकताना दिसायचं. पुढच्या दोन बारक्या हातांनी ते सतत वेचत असायचे, जसं कोणी घाईत तांदूळ निवडतं. गोगलगाय काचेवरून चालायची तेव्हा तिचं तोंड उघडमीट करताना दिसायचं. सासरी आल्यापासून मी पहिल्यांदाच अशा घरात बसत होते जिथे कोणी कोणाला काही विचारत नव्हतं.

बाहेरच्यांना मात्र विचारायचं फार. शेजारचे पेन्शनर, तहसिलीत जन्मभर टिपणं लिहिलेले, रोज संध्याकाळी येऊन बरणीची तपासणी करत. यात मासा कसा नाही? मासा नाही तर याचा उपयोग काय? उपयोग नाही तर सरकार याला परवानगी कशी देतं? मागच्या घरातल्या काकूंनी ज्वारीच्या भाकरीचा तुकडा टाकला, कारण उपाशी जीव घरात ठेवला की दोष लागतो. तो मी चिमट्याने काढला. कोणीतरी बरणीला कुंकवाचं बोट लावून गेलं. मी सगळ्यांना हात जोडून एकच सांगायची: हात लावू नका. सासूबाईंना तर मी खोलीच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हते. "तुमचे हात मातीचे आहेत, आत्याबाई," असं मी त्यांना म्हटल्याचं मला आठवतं. बरणीच्या तळाशी चार बोटं माती होती, आणि ती त्यांच्याच वाडीतली होती.

त्या उंबऱ्यावरूनच बघायच्या. एके दिवशी म्हणाल्या, "थे एक गाभन हाय."

"कोण?"

"तुया झिंगा. पोटाखाली पाह्य."

मी महिनाभर रोज तासतास पाहत होते, वहीत टिपत होते. पोटाखाली मोहरीएवढ्या हिरवट अंड्यांचा घोस होता आणि मला तो दिसला नव्हता. मी वहीत लिहिलं: 'आज अंडी आढळली.' कोणाला आढळली ते लिहिलं नाही.

गोगलगायींनी तर ताळच सोडला. काचेवर जिथे तिथे चिकट थेंब, आणि प्रत्येक थेंबात वीस-पंचवीस पिल्लं. पाणगवतही वरपर्यंत चढून वाकायला लागलं. दर आठवड्याला मी जास्तीचं गवत आणि गोगलगायी काढून मोरीत टाकायची. सासूबाई ते मोरीतून गोळा करायच्या. वाडीतल्या विहिरीवर मोटेचं पाणी पडतं ते दगडी थारोळं होतं, त्यात नेऊन टाकायच्या. "जितं फेकू नाई," एवढंच म्हणायच्या. मला ते अडाणीपणाचं वाटायचं. मी त्यांना सांगितलं की निसर्गात हे सगळं मरतंच. मला निसर्गाबद्दल तेव्हा फार माहिती होती.

मडम यायच्या चार दिवस आधी मोठ्या बाई बरणी पाहायला आमच्या घरी आल्या. पदराने नाक झाकून वाडीतून आल्या, कारण आदल्या दिवशी खत टाकलं होतं. सासूबाईंनी त्यांच्यासाठी पाट मांडला. मोठ्या बाई पाटावर बसल्या नाहीत. बरणीकडे बघून म्हणाल्या, "पाणी पिवळट आहे."

खरंच होतं. तीन महिन्यांच्या मातीने आणि पानांनी पाण्याला चहाची हलकी झाक आली होती. तशी यायचीच असते. अमरावतीच्या भांड्यालाही होती.

"मडमला हे दाखवणार? त्यांना वाटेल वऱ्हाडात असंच पाणी पितात."

बस, एवढंच. एवढ्यावर माझी अक्कल गुडघ्यात गेली. मोठ्या बाई गेल्या आणि मी कमरेला पदर खोचला.

सासूबाई म्हणाल्या, "पिवयं हाय त राहू दे ना. जितं हाय थे."

मी ऐकलं नाही. शुद्ध पाणी म्हणजे काय हे मला पाठ होतं. आरोग्याच्या तासाला मीच मुलींना लिहून दिलं होतं: 'तांब्याच्या भांड्यातील पाणी शुद्ध असते, कारण त्यात सूक्ष्म जंतू मरतात.' तिसरीच्या मुलींकडून मी हे वाक्य तीनतीनदा म्हणवून घ्यायची, 'मरतात'वर जोर देऊन. घरात रोजचं पाणी मातीच्या माठात असे, पण देवापाशी एक तांब्याची घागर होती. ती मी उतरवली. चिंच लावून अशी घासली की तिच्यात तोंड दिसावं. दुहेरी फडक्याने गाळून विहिरीचं पाणी भरलं, आणि तीन दिवस तिला कोणाला शिवू दिलं नाही. तीन दिवस, कारण एका दिवसात जेवढे जंतू मरतात त्याहून तीन दिवसांत जास्त मरणार, हे कोणालाही कळतं.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी बरणीतलं जुनं पाणी वाटीवाटीने उपसून मोरीत ओतलं. तळाला चार बोटं राहू दिलं. मग केळीचं पान ठेवून घागरीतलं पाणी हळू सोडलं. वाफ्यात सोडतात तसं.

बरणी चमकली. काच कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळेना. आणि झिंगे काय सांगावे, इतके दिवस आपापल्या कोपऱ्यात तांदूळ निवडत बसणारे ते झिंगे एकदम उठले. वरपासून खालपर्यंत सरसर फिरायला लागले, काचेवर आपटायला लागले, एकाने तर पाण्याबाहेर उडी घेतली. मी सासूबाईंना हाक मारली. त्यांना पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत येऊ दिलं.

"पाहा, आत्याबाई, किती खूश आहेत."

त्या वाकून बराच वेळ पाहत राहिल्या. "खूश नाई दिसत," म्हणाल्या. "पळून राहिले थे."

मी बरणीवर ओलं फडकं बांधलं आणि समाधानाने जेवायला बसले.

सकाळी घाई होती. भाड्याची बैलांची दमणी दारात उभी होती. मी बांधलेली बरणी तशीच मांडीवर घेतली आणि शाळेत टेबलावर नेऊन ठेवली. फळ्यावर झोकदार अक्षरात 'पाण्यातील जीव' असं लिहिलं. मडम आल्या. उंच, उन्हाने लाल झालेल्या, पुस्तकात छापतात तसं मराठी बोलणाऱ्या. खुर्चीत बसल्या. मोठ्या बाई त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. मुली हाताची घडी घालून. मी दोन वाक्यं प्रस्तावना केली आणि फडकं सोडलं.

पाणी सुरेख होतं. इतकं सुरेख की आतलं सगळं स्वच्छ दिसत होतं. झिंगे तळाशी आडवे पडले होते, पांढरट-गुलाबी झालेले. गोगलगायी शंखातून अर्ध्या बाहेर लोंबून उलट्या पडल्या होत्या.

पुढच्या ओळीतली एक मुलगी उठून उभी राहिली. तिच्या घरी झिंगे नेहमी होत असावेत. ती म्हणाली, "बाई, हे त शिजले."

कोणी हसलं नाही. तेच वाईट होतं. मडमने चष्मा लावला, वाकून पाहिलं, मग फळा वाचला. "पाण्यातील जीव," त्या म्हणाल्या. "जीव कोठे आहेत?"

दोन वर्षांचं ट्रेनिंग, सर्टिफिकेट, छत्री, सगळं जागच्या जागी होतं, आणि माझ्या तोंडून निघालं, "मले काय माईत."

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. मडमला त्यातलं काही कळलं नाही, किंवा कळलं असेल. त्या म्हणाल्या की त्यांचा मुक्काम अकोल्यात आणखी एक दिवस आहे, कंदिलाचा पाठ त्या आता ऐकतील, आणि या शिक्षिकेने उद्या सकाळी पुन्हा पाठ द्यावा. त्यांना दया आली होती, की त्यांना दुसऱ्या बोंडापासून सुटका हवी होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

घरी आले ती खोलीत जाऊन रडले. झिंग्यांसाठी रडले की नोकरीसाठी, हे तेव्हाच कोणी विचारलं असतं तर मी खोटं सांगितलं असतं. आज सांगते, आधी नोकरीसाठी. झिंगे बोटाने एकेक बाहेर काढताना मात्र त्यांच्यासाठी रडले. एकीच्या पोटाखाली अंडी तशीच होती.

सासूबाई बाजारातून आल्या, टोपली उतरवली आणि उंबऱ्यावर बसल्या. त्यांनी बरणी पाहिली, मग कोपऱ्यातली घागर पाहिली.

"पानी ह्या घागरीतलं वतलं व्हतं?"

"हो."

"किती दिसाचं?"

"तीन."

"ह्या घागरीत ताक ठेवतं का तू?"

"नाही."

"कावून नाई ठेवत?"

"कळकतं म्हणून," मी म्हटलं. तांब्याला आंबट लागलं की कळक चढतं, आणि ते पोटात गेलं की माणूस ओकून बेजार होतं. आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरीलाही हे माहीत असतं. मी चिंच लावून घागर घासली होती, तीन दिवस पाणी मुरवलं होतं, आणि ज्यांचं सगळं अंग माझ्या नखाएवढं त्यांना ते पाजलं होतं. जंतू मरतात हे मीच लिहून दिलं होतं. झिंगा हा केवढा जंतू आहे, एवढाच विचार करायचा राहिला होता.

"मंग तुले माईत व्हतं," सासूबाई म्हणाल्या. रागावून नाही. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चाल वाडीत."

थारोळ्यापाशी मी तीन महिन्यांत गेले नव्हते. चिखल होतो म्हणून. दगडी कुंडीत हिरवंगार गढूळ पाणी होतं आणि माझं मोरीतलं पाणगवत तिथे माजलं होतं. सासूबाईंनी हात घालून गवताचा एक झुबका वर उचलला आणि उघड्या तळव्यावर धरला. गवत हललं. त्यात झिंगेच झिंगे होते, मोठे, मधले, नुसते डोळेच दिसावेत इतके बारीक. मी फेकलेल्या गवताला चिकटून गेलेली पिल्लं तिथे वाढली होती, त्यांना पिल्लं झाली होती. गोगलगायींची तर गणतीच नव्हती. त्या पाण्याला कोणी शुद्ध केलं नव्हतं.

"पायजे तेवढे घे," त्या म्हणाल्या. "पन पानी हेच घे."

मी बरणी दहा वेळा धुतली. नवी माती, नवी रेती, थारोळ्याचं पाणी. पाणी चहापेक्षा जास्त पिवळं होतं. दुसऱ्या दिवशी दमणी मिळाली नाही, आणि एवढं भरलेलं ओझं मांडीवर घेऊन कसं जायचं हा प्रश्न होता. सासूबाईंनी डोक्यावर चुंबळ ठेवली, बरणी चुंबळीवर ठेवली आणि एक हातही न लावता जुन्या शहरातून शाळेपर्यंत चालत आल्या. मी मागून छत्री घेऊन. थेंब सांडला नाही. त्या दिवशी त्या बाजाराला गेल्या नाहीत. तोडलेली मेथी घरी पडवीत पडून राहिली आणि दुपारपर्यंत तिने मान टाकली. त्या म्हणाल्या, परत न्यायला मीच लागेन ना, मी बसते बाहेर. आणि शाळेच्या ओसरीवर, वर्गाच्या दाराशी, भिंतीला टेकून बसल्या.

पाठ छान झाला. मी काही विशेष केलं नाही, झिंग्यांनीच केला. मुली ओळी मोडून बरणीभोवती गोळा झाल्या आणि त्यांना मागे ढकलायचं मडमही विसरल्या. कालची ती मुलगी म्हणाली, "हे जिते हायेत." मी केळीच्या पानाबद्दल सांगितलं. अंडी कशी ओळखायची ते सांगितलं. तांब्याच्या पाण्याने काल काय झालं तेही सांगितलं, आणि कळकलेल्या ताकाचं उदाहरण दिलं. मडमने मान डोलावली आणि वहीत काही लिहिलं. उदाहरण त्यांना फार आवडलं.

शेवटी त्यांनी विचारलं, "एका रात्रीत हे सर्व जीव आपण कोठून आणले?"

दार उघडं होतं. दारातून मला सासूबाईंचा पाय दिसत होता, टाचेच्या भेगांत वाडीची माती भरलेली, आणि बाजूला ठेवलेली चुंबळ. मोठ्या बाईंनी माझ्या नजरेच्या दिशेने पाहिलं. त्यांचं नाक जरासं वर गेलं. आदल्या दिवशीचं 'मले काय माईत' त्यांच्या कानांत अजून होतंच.

"नदीतून," मी म्हटलं. "मोर्णेतून, मडम. मी स्वतः आणले."

पाय हलला नाही.

शाळा सुटल्यावर सासूबाईंनी बरणी पुन्हा डोक्यावर घेतली. बाजाराच्या गल्लीतून आम्ही चाललो होतो, त्या पुढे, मी मागे. ओळखीच्या भाजीवाल्या हाका मारत होत्या, आज कुठे होतीस म्हणून. त्या हसून पुढे जात होत्या. पूल ओलांडल्यावर त्या मान न वळवता म्हणाल्या, "नदीचे झिंगे लय जड हायेत वो, मास्तरीनबाई."

एवढंच. पुढे कधी त्यांनी ही गोष्ट काढली नाही. मी कायम झाले. हुकूम आला तेव्हा त्यांनी विचारलं, "कायम म्हंजे आता काढत नाईत ना?" मी नाही म्हटल्यावर "बरं झालं" म्हणून त्या पाणी द्यायला निघून गेल्या. माझ्या नोकरीच्या कागदांत मडमचा शेरा आहे की शिक्षिका निरीक्षणशील आहे.

पुढे तीस वर्षं मी दर हिवाळ्यात हा पाठ दिला, आणि दर वर्षी कोणीतरी मुलगी विचारायचीच, बाई, हे कुठून आणले. कित्येक वर्षं मी नदीतून म्हणायची. एकदा बोललेलं बदलणं मला जमेना, आणि सासूबाई तर प्रत्येक वर्षी नवं पाणी, नवे झिंगे थारोळ्यातून काढून बरणी भरून ठेवायच्या, न मागता. त्या गेल्या त्या वर्षी मीच थारोळ्यात हात घातला. त्या वर्षी मुलीने विचारलं तेव्हा मी सांगितलं, माझ्या सासूबाईंच्या वाडीतून, त्या बाजारात भाजी विकायच्या, त्यांनीच हे सगळं जगवलं. अगदी सहज सांगितलं. जीभ जरासुद्धा अडखळली नाही. दार उघडंच होतं, आणि ओसरीवर कोणी बसलेलं नव्हतं.